‘मानवी हस्तक्षेप’ : नेमका कोणत्या मानवाचा?

शाळेच्या पुस्तकापासून मंत्रालयातल्या अहवालापर्यंत एक वाक्य ठरलेले असते : मानवी हस्तक्षेपामुळे पाणी, माती आणि हवा प्रदूषित झाली आहे. पाच जूनला झाड लावताना साहेब हेच वाक्य बोलतात, फोटो काढतात आणि गाडीत बसून निघून जातात. आमचा आक्षेप या वाक्यातल्या ‘मानवी’ या शब्दावर आहे.

कोणता मानव? रिफायनरी चालवणारा आणि तिच्या भिंतीला लागून सरकारने आणून टाकलेला झोपडीवाला, हे दोघे एकाच ‘मानवा’त कसे बसतात? चार एसी लावणारा आणि भंगार वेचणारी बाई यांचा ‘हस्तक्षेप’ सारखाच का? ज्या देशात माणसाला माणूस म्हणवून घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या देशात दोष वाटायची वेळ आली की अचानक आपण सगळे ‘मानव’ होतो. नफा वाटताना मात्र ही समता कुठे दिसत नाही.

प्रदूषण मोजू नका असे आम्ही म्हणत नाही. उलट, अधिक मोजा, नीट मोजा, आमच्या वस्तीत येऊन मोजा असे आम्ही म्हणतो. प्रश्न हा आहे की मोजतो कोण, कुठे मोजतो, कशाला मोजतो आणि मोजून झाल्यावर करतो काय.

१९२७ : पाण्याची दोन मोजमापे

या देशात पाण्याची शुद्धता तपासायची एक जुनी पद्धत आहे. तिला प्रयोगशाळा लागत नाही. पाण्यात काय मिसळले हे ती विचारत नाही, पाण्याला कोणी हात लावला एवढेच विचारते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे कायदा आमच्या बाजूने होता, तरी लोकांना मार खावा लागला. त्यानंतर सवर्णांनी तळे ‘शुद्ध’ केले. कसे? तळ्यातून १०८ घागरी पाणी काढले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतल्या. स्वच्छ पाण्यात शेण आणि मूत्र मिसळून त्याला शुद्ध म्हणायचे, आणि तहानलेल्या माणसाच्या ओंजळीला प्रदूषण म्हणायचे! पुढे दहा वर्षे कोर्टात लढून १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो खटला आपण जिंकला.

त्याच १९२७ साली मुंबईत देवनारचे डम्पिंग ग्राउंड सुरू झाले. एकीकडे आम्ही पाण्याचा हक्क मागत होतो, दुसरीकडे शहराचा कचरा टाकायची जागा ठरत होती. पुढच्या दशकांत त्या कचऱ्याच्या कडेला कोण वसले, हे गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या गल्ल्यांतून फिरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. दलित, मुसलमान, भटके, दुष्काळातून आलेले मजूर.

आज शेण-गोमूत्राच्या जागी बीओडी, कोलिफॉर्म, पीएम २.५ असे शब्द आले. हे शब्द चांगले आहेत. यंत्राला आडनाव कळत नाही, आणि म्हणूनच विज्ञान हे आमचे हत्यार आहे. पण यंत्र कुठे ठेवायचे हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. जात तिथून आत येते.

हवा : सरासरीची लबाडी

रोज बातम्यांत शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक सांगितला जातो. तो आकडा शहरातल्या केंद्रांची सरासरी असतो. सरासरी म्हणजे काय, हे आपल्या लोकांना शिकवायची गरज नाही. एकाच्या ताटात चार भाकरी आणि दुसऱ्याच्या ताटात एकही नसेल, तर सरासरीने दोघेही दोन-दोन भाकरी जेवलेले असतात. समुद्राकाठच्या वाऱ्याची आणि डम्पिंगच्या धुराची बेरीज करून भागाकार केला की शहर ‘मध्यम’ होते. पण त्या ‘मध्यम’ हवेत कोणीच श्वास घेत नसतो. जो तो आपापल्या गल्लीतली हवा घेतो.

मानकांचेही तसेच. भारतात पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. म्हणजे आपल्याकडे जी हवा ‘मर्यादेत’ आहे, ती जगाच्या मोजपट्टीवर आठपट वाईट असू शकते. आणि ज्यांच्या घरात खिडकी बंद करून एअर प्युरिफायर लावायची सोय नाही, त्यांना हा फरक फुप्फुसाने भरून द्यावा लागतो.

आता गटारात उतरू. सरकारच्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषके आहेत. त्यांत हायड्रोजन सल्फाइड नाही. गटारात आणि सेप्टिक टाकीत उतरलेल्या माणसाला काही श्वासांत बेशुद्ध करणारा तो हाच वायू. मॅनहोलच्या झाकणावरची हवा मोजायला यंत्रणा आहे, झाकणाखालची हवा मोजायला उतरणारा माणूसच यंत्र आहे. तो वर आला नाही तर कळते की हवा विषारी होती. २०१३ चा कायदा आहे, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरी माणसे उतरवली जातातच. आणि उतरणारा कोणत्या समाजाचा असतो, हे विचारायला सर्वेक्षण लागत नाही. कोणत्या पर्यावरणवाद्याच्या ‘स्वच्छ हवा’ मोहिमेत गटाराखालची हवा आहे? आम्हाला दाखवा.

मोजले, सिद्ध झाले, आणि मग?

काही जण म्हणतील, आकडे नाहीत म्हणून अन्याय होतो. आकडे आले की सरकार जागे होईल. माहुलकडे बघा.

चेंबूरजवळच्या माहुलमध्ये तेल शुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या आहेत. स्थानिक लोक लढले, प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने मान्य केले की इथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. मोजणी झाली होती, धोका कागदावर आला होता. त्यानंतर, म्हणजे २०१७ मध्ये, तानसा जलवाहिनीवरच्या झोपड्या पाडून हजारो कुटुंबांना याच माहुलच्या इमारतींत पाठवले गेले. ज्या जागी राहणे धोक्याचे आहे असे ठरले, त्याच जागी ‘पुनर्वसन’! लोकांनी पुन्हा रस्त्यावर बसून आंदोलन केले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की यांना दुसरीकडे घरे द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडे द्या.

या प्रकरणात आकड्यांची कमतरता नव्हती. आकडा होता, पण ज्यांना तिथे पाठवायचे होते त्यांच्या जिवाची किंमत त्या आकड्यापेक्षा कमी धरली गेली होती. आणि आता देवनारचीच सुमारे १२४ एकर जागा धारावीतल्या ‘अपात्र’ ठरणाऱ्यांच्या घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला आहे. जानेवारी २०१६ मध्ये याच डम्पिंगला अशी आग लागली होती की शहरभर धूर पसरला. जवळजवळ शंभर वर्षे साचलेल्या कचऱ्याखालची माती, त्यातून झिरपणारे काळे पाणी आणि पोटात तयार होणारा मिथेन यांचे पूर्ण मोजमाप लोकांसमोर मराठीत आणि हिंदीत ठेवल्याशिवाय एकही वीट रचू नये. चर्मकार, कुंभार, सफाई कामगार, कष्टकरी मुसलमान यांची धारावी डम्पिंगवर, आणि धारावीच्या मोक्याच्या जमिनीवर टॉवर. ही नकाशावर काढलेली नवी गावकुसाची रेषा आहे.

पाणी : कार्ड हिरवे, हंडा पिवळा

गावात पाण्याचे नमुने तपासून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. पद्धत चांगलीच आहे. पण कार्ड ग्रामपंचायतीला मिळते, वस्तीला नाही. गावाची मुख्य टाकी, मुख्य विहीर यांचे पाणी ठीक असले आणि टीसीएल पावडर वेळेवर पडली की गाव हिरवे. बौद्धवाड्याची, मांगवाड्याची, पारधी वस्तीची नळाची लाइन शेवटच्या टोकाला असते. तिथे दाब नसतो, म्हणून लोक खड्डा खणून नळ खाली घेतात. त्या खड्ड्यात गटाराचे पाणी शिरते. नमुन्याची बाटली तिथे भरली का? जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचे प्रशिक्षण द्यायचे आहे. त्या पाचांत आपल्या वस्तीतली एक तरी बाई आहे का? नसेल तर का नाही, हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारलाच पाहिजे.

आणि महाड? ज्या महाडने आम्हाला पाण्याचा अर्थ शिकवला, तिथे आज रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, त्यात ३५१ पैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते. महाडची सावित्रीही त्या यादीत होती. दरवर्षी २० मार्चला लाखोंनी आम्ही तळ्याला वंदन करतो. आता आमची मागणी अशी की त्याच दिवशी सावित्रीच्या पाण्याचे आकडे चवदार तळ्याच्या काठावर फलक लावून जाहीर करा. पाण्याला हात लावण्याचा हक्क आम्ही मिळवला, तो विष पिण्याचा हक्क म्हणून नव्हे.

माती : सातबारा नाही, म्हणजे नुकसानही नाही

हवा आणि पाण्याचे निदान बोलले तरी जाते. मातीचे गणित त्याहून कठीण, कारण मातीला मालक असतो.

२०१५ पासून सरकार मृदा आरोग्य पत्रिका देते. त्यात बारा गोष्टी तपासतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, सामू, सेंद्रिय कर्ब वगैरे. म्हणजे पीक किती येईल हे कळते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा या बारांत नाहीत. म्हणजे त्या पिकातून पोटात काय जाईल हे कळत नाही. शिवाय ही पत्रिका शेतकऱ्याच्या शेताची. ज्याला शेतच नाही, जो दुसऱ्याच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फवारणी करतो, त्याच्या अंगात किती विष मुरले याची पत्रिका कोण देणार? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हा पहिला सवाल काय झाला? यांनी मास्क का घातला नाही! विष विकणाऱ्याच्या आधी विष अंगावर घेणारा आरोपी.

गायरानाचे बघा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, लाखो लोक तुरुंगात गेले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरी आजही असंख्य कुटुंबांच्या नावावर सातबारा नाही. कारखान्याचे सांडपाणी किंवा वीज केंद्राची राख शेतात आली तर पंचनामा सातबाऱ्यावर होतो. वीस वर्षे ती जमीन कसणारा बौद्ध किंवा पारधी कुटुंबप्रमुख कागदावर ‘अतिक्रमणधारक’. त्याचे नुकसान नुकसानच नाही. मूल्यांकनाच्या भाषेत सांगायचे तर, तो तिथे नव्हताच.

जनसुनावणी की जनांची सुनावणी?

कोणताही मोठा प्रकल्प येण्याआधी पर्यावरण आघात मूल्यांकन करावे लागते. सध्याची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची. हे मूल्यांकन कोण करतो? प्रकल्पवाल्याने पैसे देऊन नेमलेली सल्लागार संस्था. परीक्षार्थीनेच परीक्षक निवडायचा, त्याची फी भरायची आणि वर निकालपत्रही स्वतःच छापून आणायचे. असल्या परीक्षेत नापास होईल कोण?

हे अहवाल उघडून बघा. ‘सामाजिक स्थिती’ या प्रकरणात जनगणनेतून उचललेली एक ओळ असते : अनुसूचित जाती इतके टक्के, जमाती इतके टक्के. पुढे काही नाही. त्या टक्क्यांतली माणसे वाऱ्याच्या कोणत्या दिशेला राहतात? चिमणीपासून किती अंतरावर? पाणी कुठले पितात? प्रकल्पात त्यांना काम मिळणार की फक्त राख? टक्केवारी लिहिली की आम्ही मोजले गेलो असे समजायचे.

सुनावणीची नोटीस वर्तमानपत्रात येते, तीस दिवसांची मुदत असते. मराठीत मिळतो तो फक्त सारांश. शेकडो पानांचा मूळ अहवाल बहुधा इंग्रजीत. सुनावणीला किमान किती लोक हवेत याची अटच नाही. कोणी आले नाही तरी सुनावणी ‘संपन्न’. २०२० च्या मसुद्यात तर ही तीस दिवसांची मुदत वीसवर आणायचा आणि आधी बांधा, मग परवानगी घ्या असा दरवाजा उघडायचा घाट घातला होता. देशभर विरोध झाला म्हणून तो मसुदा पुढे रेटता आला नाही. विरोधाचा उपयोग होतो, हे लक्षात ठेवा.

दोन आक्षेप, दोन उत्तरे

पहिला आक्षेप बाहेरून येतो : ‘हवेला जात नसते हो, सगळ्यातच जात कशाला आणता?’ बरोबर, हवेला जात नसते. पाण्यालाही नव्हती, तरी चवदार तळ्याला होती. जात वाऱ्यात नसते, वस्तीच्या जागेत असते. गावाच्या कोणत्या दिशेला महारवाडा ठेवायचा हे शेकडो वर्षे ठरलेले होते. कारण गावावरून जाणारे पाणी आणि वारा त्यांच्याकडे जावा, त्यांच्यावरून गावाकडे येऊ नये. आज शहररचनेने तेच केले, फक्त त्याला ‘झोनिंग’ म्हटले. जात आम्ही आणत नाही, आम्ही ती दाखवतो.

दुसरा आक्षेप आपल्यातलेच काही मित्र घेतात : ‘पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे चोचले. आपल्या पोरांना आधी नोकरी हवी, कारखाने हवेत.’ बाबासाहेब उद्योगीकरणाचे समर्थक होते, हे आम्हीही ठासून सांगतो. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यासारख्या योजनांमागे त्यांची दृष्टी होती. पण त्यांनी पाण्याचे नियोजन शास्त्रावर उभे केले आणि कामगाराच्या आरोग्याला, कामाच्या तासांना, विम्याला कायद्यात जागा मागितली. कारखाना हवा म्हणजे कारखान्याची राखही हवी, असे त्यांनी कधी म्हटले नाही. चंद्रपूर बघा. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली ते शहर २००९ च्या केंद्रीय मंडळाच्या निर्देशांकात ८३.८८ गुण घेऊन देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत चौथे आले. त्या वीज केंद्रात आणि खाणीत वरच्या खुर्च्यांवर आपले किती आणि ठेकेदाराच्या हाताखाली किती? नोकरीत वाटा आणि श्वासाचा हक्क, या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात लिहायच्या आहेत. एक सोडून दुसरी घ्या असे सांगणारा आपला मित्र नाही.

काळ्या भावंडांचा धडा

१९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने ब्लॅक पँथरकडून नाव घेतले. आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनाच्या वॉरन काउंटीत विषारी कचरा काळ्या लोकांच्या वस्तीजवळ पुरण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आडवे झाले, पाचशेवर अटका झाल्या. कचरा तिथे पुरला गेलाच, ती लढाई ते हरले. पण त्यांनी प्रश्न सोडला नाही. १९८७ मध्ये एका चर्च संघटनेने देशभराचा अभ्यास करून दाखवले की घातक कचऱ्याची ठिकाणे आणि वंश यांचा थेट संबंध आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्षांना आदेश काढावा लागला की सरकारी खात्यांनी अल्पसंख्याक आणि गरीब वस्त्यांवरचा भार तपासावा. त्याच्या दोनच आठवडे आधी, २७ जानेवारी १९९४ ला, भारताची पहिली आघात मूल्यांकन अधिसूचना निघाली होती. त्यांनी वंश मोजायला घेतला, आपण जात मोजायची टाळली. २०२५ मध्ये तिथल्या नव्या राजवटीने तो आदेश रद्द केला, हेही ध्यानात ठेवा. मिळालेला हक्क राखावा लागतो.

मग करायचे काय?

मागण्या स्पष्ट आहेत. एक, प्रत्येक आघात मूल्यांकनात दलित, आदिवासी, भटक्या आणि मुस्लिम वस्त्यांचे अंतर, वाऱ्याची दिशा, पाण्याचा स्रोत आणि आजार यांची वस्तीनिहाय नोंद सक्तीची करा. दोन, सल्लागाराची नेमणूक आणि फी प्रकल्पवाल्याच्या हातातून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे द्या. तीन, पूर्ण अहवाल मराठीत द्या. चार, डम्पिंग, रिफायनरी, वीज केंद्र यांच्या भिंतीलगतच्या वस्त्यांचे आकडे सरासरीत न बुडवता वेगळे जाहीर करा. पाच, भरपाई सातबाऱ्यावर नव्हे, प्रत्यक्ष कसणाऱ्या आणि राहणाऱ्या कुटुंबाला द्या.

पण सरकार मागितल्याबरोबर देईल अशी आशा धरून बसू नका. प्रत्येक वस्तीत पाच तरुणांची एक टीम करा. जवळच्या कारखान्याचे संमतीपत्र माहिती अधिकारात मागवा. किती सांडपाणी सोडायची परवानगी आहे हे त्यात लिहिलेले असते. वस्तीतल्या शेवटच्या नळाचे पाणी तपासायला द्या, आणि लक्षात ठेवा, टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही. कोणाला दमा, कोणाला क्षयरोग, कोणाच्या अंगावर चट्टे, याची वही ठेवा. तारीख, वय, पत्ता लिहा. जनसुनावणीत भाषण करा, पण त्याआधी लेखी हरकत देऊन पोच घ्या. भाषण हवेत विरते, पोच कोर्टात चालते. आपल्यात विज्ञान शाखेची पोरे-पोरी आज हजारोंनी आहेत. त्यांच्या पदवीचा पहिला उपयोग आपल्या वस्तीच्या पाण्याच्या बाटलीवर झाला पाहिजे.

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. कलम १५ ने विहिरी आणि तळी आमच्यासाठी खुली केली, कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. ही तिन्ही कलमे एकत्र वाचा. तळे खुले आहे पण पाणी विषारी आहे, वस्ती कायदेशीर आहे पण हवा मारणारी आहे, असे स्वातंत्र्य संविधानाने दिलेले नाही.

पुढच्या वेळी कोणी ‘मानवी हस्तक्षेप’ म्हटले की त्याला तिथेच थांबवा आणि मानवाचे नाव, पत्ता आणि नफा विचारा.

जय भीम!